जाळीवरचे स्थैर्य

भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून स्थैर्याची जी प्रतिमा मनात रुजते ती वाटीच्या तळाशी जाऊन थांबलेल्या गोटीची असते. ही गोटी आपण होऊन हलत नाही, तिला ढकलले तर ती पुन्हा तळाशी येते, वाटीत कुठूनही सोडली तरी तिथेच पोहोचते आणि वाटी अखंड थरथरत राहिली तरी तळाच्या आसपासच राहते. वस्तुतः ही एकमेकांहून वेगळी विधाने आहेत. पण गोटीच्या बाबतीत ती सगळी एकदमच खरी ठरत असल्यामुळे त्यांतील भेद लक्षात येत नाही आणि एक खरे म्हटले की उरलेली आपोआप खरी झाली, असा समज दृढ होतो. सेल्युलर ऑटोमेटा या गणिती रचनांचे वैचारिक मोल असे की तिथे ही विधाने एकमेकांपासून सुटी होतात, इतकी की एक पूर्णपणे खरे असताना दुसरे साफ खोटे असलेली उदाहरणे कागदावर पेन्सिलीने तपासता येतात. त्या उदाहरणांवरून निघणारा निष्कर्ष असा की स्थैर्य हा आकृतीच्या अंगी मुरलेला गुण नाही. आकृती, तिच्यावर चालणारा नियम, तिचा परिसर आणि तिला बसणारा धक्का या सर्वांमधले ते एक नाते आहे.

सेल्युलर ऑटोमेटन म्हणजे समान घरांची एक जाळी, जिच्यातील प्रत्येक घर मोजक्या अवस्थांपैकी एका अवस्थेत असते आणि दर टप्प्याला सर्व घरे एकाच वेळी, आपापल्या शेजाऱ्यांकडे पाहून, एकाच नियमाने आपली पुढची अवस्था ठरवतात. ही कल्पना १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात जॉन फॉन नॉयमन यांनी स्टानिस्लाव्ह उलाम यांच्या सूचनेवरून विकसित केली. स्वतःची प्रतिकृती घडवणारे यंत्र तर्कदृष्ट्या शक्य आहे का, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यांच्या रचनेत प्रत्येक घराला २९ अवस्था होत्या. केंब्रिज येथील गणिती जॉन हॉर्टन कॉन्वे यांनी हा पसारा दोन अवस्थांवर आणला. त्यांचा ‘गेम ऑफ लाइफ’ मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून ऑक्टोबर १९७०च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये जगापुढे आला. त्याचा नियम दोन वाक्यांत मावतो. जिवंत घराच्या आठ शेजाऱ्यांपैकी दोन किंवा तीन जिवंत असतील तर ते पुढच्या पिढीत जिवंत राहते, अन्यथा मरते. मृत घराचे नेमके तीन शेजारी जिवंत असतील तर ते जिवंत होते, अन्यथा मृतच राहते.

या नियमाखाली जी आकृती पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते तिला अचल आकृती म्हणता येईल. व्याख्या सोपी असली तरी तिच्यातील एक अट सहसा नजरेआड होते. अचल आकृतीत जिवंत घरांना दोन किंवा तीन जिवंत शेजारी लागतात हे चटकन ध्यानात येते. परंतु आकृतीच्या आतल्या आणि भोवतालच्या एकाही मृत घराला नेमके तीन जिवंत शेजारी असता कामा नयेत, ही दुसरी अटही तितकीच बंधनकारक आहे आणि आकृती रचणाऱ्याला अधिक त्रास तीच देते. म्हणजे अचल आकृती ही केवळ जिवंत घरांची मांडणी नसून तिच्याभोवतीच्या रिकाम्या जागेचीही मांडणी असते. चार जिवंत घरांच्या अशा आकृती दोनच आहेत, पाच घरांची एकच, सहा घरांच्या पाच, सात घरांच्या चार. पुढे मात्र ही संख्या झपाट्याने वाढते आणि बारा घरांपाशी १२१वर जाते. अमर्याद जाळीवर अचल राहून जास्तीत जास्त किती दाटी करता येईल, या प्रश्नाचे उत्तर नोम एल्कीस यांनी १९९८मध्ये सिद्ध केले: निम्मी घरे, त्याहून अधिक नाही. ही मर्यादा गाठणारी एक रचना अगदी साधी आहे. एक आडवी ओळ पूर्ण जिवंत, पुढची पूर्ण मृत, असे आलटून पालटून पट्टे आखले की प्रत्येक जिवंत घराला दोन जिवंत शेजारी मिळतात, प्रत्येक मृत घराला सहा, आणि काहीही बदलत नाही.

याच पट्ट्यांवर ‘हायलाइफ’ या नावाने ओळखला जाणारा नियम लावून पाहावा. तो कॉन्वे यांच्या नियमापेक्षा एकाच बाबतीत निराळा आहे: मृत घर तीन किंवा सहा जिवंत शेजारी असताना जिवंत होते. आता प्रत्येक मृत पट्टा एका पिढीत जिवंत होतो, सगळी जाळी भरून जाते, प्रत्येक घराला आठ जिवंत शेजारी मिळतात आणि दुसऱ्या पिढीत सर्वत्र मरण पसरते. आकृती तीच, तिची सममिती तीच. नियमात एक आकडा वाढला आणि कमाल दाटीचे अचल विश्व दोन पिढ्यांत नाहीसे झाले. चार घरांचा चौरस मात्र दोन्ही नियमांखाली अचल राहतो, कारण त्याच्या भोवतीच्या कोणत्याही मृत घराला दोनांहून अधिक जिवंत शेजारी नसतात. तेव्हा एखादी आकृती स्थिर आहे, हे विधान नियमाचा उल्लेख केल्याशिवाय अपुरे राहते. इथपर्यंत फारसा वाद होणार नाही. वादाचा भाग पुढे आहे, कारण नियम पक्का ठरवल्यावरही प्रश्न मिटत नाही.

वर उल्लेखिलेल्या चार घरांच्या दोन अचल आकृतींपैकी एक हा चौरस, ज्याला ठोकळा म्हणता येईल; दुसरीत मधले एक घर रिकामे ठेवून त्याच्या वर, खाली, डावीकडे व उजवीकडे एकेक जिवंत घर असते आणि तिला टब म्हणतात. व्याख्येच्या दृष्टीने दोघी समान दर्जाच्या आहेत. आता प्रत्येकीतले एक घर पुसून टाकावे. ठोकळ्याची उरलेली तीन घरे पुढच्याच पिढीत चौथे घर भरून काढतात आणि ठोकळा पूर्ववत होतो, कारण पुसलेल्या घराला नेमके तीन जिवंत शेजारी उरलेले असतात. टबमधले कोणतेही घर पुसले तर उरलेल्या तीन घरांतून पुढच्या पिढीत फक्त दोन जिवंत घरे शिल्लक राहतात आणि त्यानंतरच्या पिढीत तीही मरतात. एकच नियम, सारखीच घरसंख्या, सारखाच आघात. एक आकृती जखम भरून काढते, दुसरी दोन पिढ्यांत संपते. अचल असणे आणि धक्का पचवणे या दोन गोष्टींतला भेद याहून कमी सामग्रीत दाखवता येणार नाही.

परंतु यावरून ठोकळा कणखर आणि टब नाजूक असा निकाल देणे घाईचे होईल. ठोकळ्यातून एक घर काढण्याऐवजी त्याच्या आसपास एक जिवंत घर वाढवले तर काय होते, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. वाढीव घर ठोकळ्याच्या एखाद्या बाजूला चिकटवले तर दुसऱ्या पिढीत तीन घरे उरतात, तिसऱ्यात दोन, आणि चौथ्या पिढीत जाळी रिकामी होते. म्हणजे एक घर गमावल्यावर सावरणारा ठोकळा एक घर लाभल्यावर नष्ट होतो. तेच वाढीव घर बाजूला न लावता कोपऱ्याला तिरके टेकवले तर ठोकळ्याचे तिथले घर मरते, त्याच्या दोन्ही अंगांना नवी घरे जन्मतात आणि एकाच पिढीत पाच घरांची होडी नावाची दुसरी अचल आकृती तयार होते. आणि ते घर बाजूच्या रेषेतच, पण मध्ये एक घर मोकळे सोडून ठेवले, तर पहिल्या पिढीत सहा घरांचा आयत बनतो व दुसऱ्या पिढीत पोळे नावाची सहा घरांची अचल आकृती. एकाच घराच्या भरीचे हे तीन परिणाम आहेत: नाश, रूपांतर आणि वाढ. धक्क्याचे प्रमाण तिन्ही वेळा सारखे होते, बदलली ती फक्त जागा. यामुळे आकृती किती धक्का सहन करते, हा प्रश्नच सदोष ठरतो. वाटीतल्या गोटीला धक्क्याचा केवळ जोर पुरतो. जाळीवरच्या आकृतीला धक्का नेमका कुठे आणि कोणत्या स्वरूपाचा, हे विचारावे लागते.

गोटीचे चित्र इथे का लागू पडत नाही, याचे अधिक खोल कारण असे की कॉन्वे यांच्या नियमात प्रत्येक पिढीगणिक घटत जाणारी, ऊर्जेची जागा घेऊ शकेल अशी कोणतीही सर्वसाधारण राशी नाही. सेल्युलर ऑटोमेटात अशी राशी कधीच नसते असे मात्र नव्हे. प्रत्येक घराने शेजाऱ्यांतील बहुमत स्वीकारावे, आणि शेजाराचे नाते दोन्ही बाजूंनी सारखे असावे, अशा नियमांबाबत चिलीचे गणिती एरिक गोलेस व होर्हे ऑलिव्होस यांनी दाखवून दिले की मर्यादित जाळीवर अशी राशी असते आणि म्हणूनच जाळी अखेरीस एकतर थांबते किंवा दोन अवस्थांमध्ये आलटून पालटून फिरत राहते. तिसरा पर्याय नाही. तिथे स्थैर्य म्हणजे खरोखरच उताराचा शेवट. ‘लाइफ’मध्ये असा उतार नाही. पाच घरांच्या ‘आर-पेंटोमिनो’ या आकृतीला शांत व्हायला ११०३ पिढ्या लागतात आणि तेव्हा मागे उरतात आठ ठोकळे, चार पोळी, चार ब्लिंकर, एकेक होडी, जहाज व पाव या अचल आकृती, आणि दूर निघून जाणारे सहा ग्लायडर. एकूण ११६ जिवंत घरे. ब्लिंकर म्हणजे दोन पिढ्यांच्या आवर्तनाने आडवी-उभी होणारी तीन घरांची रेषा, आणि ग्लायडर म्हणजे दर चार पिढ्यांनी एक घर तिरके सरकणारी पाच घरांची आकृती. सुरुवातीच्या पाच घरांकडे पाहून हा हिशेब सांगण्याची कोणतीही जवळची वाट नाही, पिढ्या मोजाव्याच लागतात. सर्वसाधारण स्वरूपात तर हा प्रश्न सुटणाराच नाही: या नियमात कोणतेही संगणन घडवता येते, हे कॉन्वे यांनी दाखवले व त्याची मांडणी १९८२च्या ‘विनिंग वेज’ या ग्रंथात आली, त्यामुळे दिलेली आकृती कधी तरी स्थिरावेल की नाही, हे प्रत्येक वेळी सांगू शकणारी पद्धत अस्तित्वातच असू शकत नाही.

अचल आकृती म्हणजे हालचाल संपल्यावर उरलेली राख, असे मानण्याचा प्रघात आहे आणि या क्षेत्रातील अभ्यासक तो शब्द वापरतातही. तथापि संगणनाच्या त्या रचनेत अचल आकृतींचे काम पाहिले तर हे वर्णन अपुरे वाटू लागते. कॉन्वे यांच्या योजनेत संख्या साठवली जाते ती ठोकळ्याच्या जागेत. ग्लायडरांचा ठरावीक ताफा सोडून ठोकळा पुढे ढकलता येतो किंवा मागे ओढता येतो, आणि त्याचे अंतर हीच नोंद. ‘ईटर’ ही सात घरांची अचल आकृती त्याहून चमत्कारिक आहे. योग्य दिशेने आलेला ग्लायडर तिच्यावर आदळला की ती विस्कटते, ग्लायडर नाहीसा होतो आणि चार पिढ्यांत ईटर पूर्ववत उभी राहते. १९७०च्या नोव्हेंबरात एमआयटीतील बिल गॉस्पर यांच्या गटाने शोधलेली, दर तीस पिढ्यांनी एक ग्लायडर सोडणारी ‘बंदूक’ कॉन्वे यांनी लावलेले ५० डॉलरचे बक्षीस जिंकून गेली आणि प्रसिद्धीही तिलाच मिळाली. पण त्या ग्लायडरांना हवे तिथे थांबवणाऱ्या ईटरवाचून आणि जागच्या जागी राहून दिशा देणाऱ्या ठोकळ्यांवाचून त्या बंदुकीतून यंत्र घडले नसते. यातील स्थैर्य निष्क्रिय नाही. ते विशिष्ट धक्क्यापुरते नेमके घडवलेले आहे. दुसऱ्या कोनातून आलेला ग्लायडर त्याच ईटरचा निकाल लावू शकतो.

आता स्थैर्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न. यादृच्छिकपणे भरलेली मोठी जाळी नियमावर सोपवली तर ती हळूहळू विरळ होत जाते आणि अखेर सुमारे तीन टक्के घरेच जिवंत राहतात. त्या राखेत ब्लिंकर, ठोकळे आणि पोळी यांचीच गर्दी असते. ठोकळ्याइतक्याच घरांचा टब मात्र कितीतरी पटींनी विरळ आढळतो. व्याख्या दोघांना समान मानते, इतिहास मानत नाही. ठोकळ्याकडे येणाऱ्या वाटा पुष्कळ आहेत, कोणतीही एकाकी कोनाकृती तिकडी त्याच्यात बदलते. टबकडे येणाऱ्या वाटा थोड्या. एखादी आकृती वारंवार दिसते म्हणून ती अधिक स्थिर, असा निष्कर्ष काढण्याचा मोह इतर शास्त्रांतही होतो. इथे वारंवारतेमागे दोन गोष्टी मिसळलेल्या दिसतात, तिथे पोहोचणे किती सोपे आणि पोहोचल्यावर टिकणे किती सोपे, आणि दोन्हींची उत्तरे वेगवेगळी मोजावी लागतात.

पोहोचण्याचा प्रश्न टोकाला नेला तर काय होते, हे कॉन्वे यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभीच विचारून ठेवले होते: जिच्या आधीच्या पिढीत तीच आकृती असणे अटळ आहे, अशी अचल आकृती असू शकते काय? या प्रश्नाचे उत्तर फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाचे व्हिले सालो आणि इल्का तर्मा यांनी २०२२मध्ये संगणकाच्या साहाय्याने दिले. त्यांना एक मर्यादित अचल तुकडा सापडला, जो एखाद्या पिढीत जाळीवर दिसला तर आदल्या पिढीतही त्याच जागी जसाच्या तसा असलाच पाहिजे, आणि म्हणून त्याच्या आदल्याही, थेट आरंभापर्यंत. ग्लायडरांची टक्कर घडवून असंख्य अचल आकृती बांधता येतात. हा तुकडा कशाचीही टक्कर घडवून बांधता येत नाही. तो टिकतो, पण घडत नाही. उत्क्रांतीच्या भाषेत बोलायची सवय असलेल्यांना हे विपरीत वाटेल, कारण तिथे टिकणाऱ्या गोष्टीचे स्पष्टीकरण तिच्या घडण्यातून दिले जाते. या तुकड्याला घडण्याचा इतिहासच नाही.

याच भेदाचे दुसरे, आणि गणिती दृष्ट्या अधिक देखणे, रूप मुंबईत सापडले. पेर बाक, चाओ टांग व कर्ट विझनफेल्ड यांनी १९८७मध्ये वाळूच्या ढिगाचे एक प्रारूप मांडले, जे सेल्युलर ऑटोमेटनच आहे: जाळीच्या प्रत्येक घरात काही कण असतात, चार किंवा अधिक झाले की ते घर ढासळते व चार शेजाऱ्यांना एकेक कण देते, आणि कडेच्या घरांतून कण जाळीबाहेर पडतात. कोणत्याही घरात तीनांहून अधिक कण नसले की रचना स्थिर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर यांनी १९९०मध्ये दाखवले की एकाच वेळी अनेक घरे ढासळण्याजोगी झाली तर ती कोणत्याही क्रमाने ढासळू दिली तरी अंतिम स्थिर रचना एकच येते, आणि या एका गुणधर्मातून साऱ्या प्रारूपाचे नेमके बीजगणित उभे राहते. त्यातील एक निष्कर्ष इथे विशेष महत्त्वाचा आहे. दोन शेजारी घरे रिकामी असलेली रचना स्थिर असते, तिच्यात ढासळण्याजोगे काहीच नसते. पण जाळीवर कण पडत राहून प्रत्येक घर एकदा तरी ढासळल्यानंतर अशी जोडी पुन्हा कधीही दिसत नाही. कारण साधे आहे. त्या दोन घरांपैकी जे शेवटी ढासळले त्याने दुसऱ्याला एक कण दिलेला असतो, आणि दुसरे त्यानंतर ढासळलेले नसल्यामुळे तो कण तिथेच असला पाहिजे. दोन्ही एकदम रिकामी राहणे अशक्य. म्हणजे स्थिर रचनांचे दोन वर्ग पडतात: पुन्हा पुन्हा येणाऱ्या, आणि एकदा सुटल्या की कायमच्या गेलेल्या. पहिल्या वर्गातील रचनांची संख्या धर यांनी एका सारणीच्या निश्चयकाच्या रूपात काढली, जी त्या जाळीवर काढता येणाऱ्या, सर्व घरे जोडणाऱ्या बंदवाटहीन जोडण्यांच्या संख्येइतकी भरते. मोठ्या चौरस जाळीवर स्थिर रचनांत प्रत्येक घराला चार पर्याय असतात, पुनरावर्ती रचनांत सरासरीने सुमारे ३.२१, त्यामुळे जाळी वाढेल तसा पुनरावर्ती रचनांचा वाटा घातांकी वेगाने शून्याकडे जातो. स्थिर रचनांपैकी जवळजवळ सर्व अशा रीतीने प्रत्यक्षात पुन्हा न येणाऱ्या ठरतात. धर यांना २०२२मध्ये बोल्ट्झमन पदक मिळाले आणि ते मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. मराठी वाचकांत त्यांचे काम जितके माहीत असायला हवे तितके नाही. जाता जाता नोंदवण्याजोगे म्हणजे बाक यांनी दोन सहकाऱ्यांसह १९८९मध्ये ‘लाइफ’ही वाळूच्या ढिगाप्रमाणे आपण होऊन सीमावस्थेत, म्हणजे छोट्या धक्क्याचा परिणाम कितीही दूर पसरू शकेल अशा अवस्थेत, राहते असा दावा केला होता, पण अधिक मोठ्या जाळीवरच्या गणनांनी १९९१मध्ये त्यावर गंभीर शंका घेतली.

या सगळ्यावर एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो क्षुल्लक नाही. कॉन्वे यांचा नियम मनाने निवडलेला आहे, निसर्गाने दिलेला नाही. त्याखालच्या आकृतींच्या लहरी वर्तनावरून स्थैर्याविषयी सर्वसाधारण काही बोलणे म्हणजे बुद्धिबळाच्या डावावरून युद्धशास्त्र शिकवण्यासारखे आहे, असे म्हणता येईल. या आक्षेपातील खरा भाग मान्य करायला हवा: ‘लाइफ’मधला ठोकळा निसर्गातल्या कशाचेही प्रारूप नाही, आणि तसे सुचवणारे लोकप्रिय लेखन बहुधा दिशाभूल करते. परंतु प्रस्तुत युक्तिवाद साम्यावर उभा नाही. एखादे सर्वसाधारण विधान खोडायला एक प्रतिउदाहरण पुरते, मग ते कितीही कृत्रिम असो. जे अचल ते धक्का पचवणारे, जे टिकते ते घडलेले, जे स्थिर ते परत येणारे, ही विधाने तर्काने एकमेकांतून निघतात असे जो मानतो त्याच्यासाठी टब, सालो-तर्मा यांचा तुकडा आणि दोन रिकामी शेजारघरे पुरेशी आहेत. निसर्गातील एखाद्या व्यवस्थेत ती एकत्र नांदत असतील, तर त्यामागे काही विशेष कारण असले पाहिजे, आणि ते शोधून दाखवण्याची जबाबदारी तसा दावा करणाऱ्यावर येते.

उरतो तो अखंड थरथरीचा प्रश्न. प्रत्येक पिढीत प्रत्येक घराची अवस्था अगदी थोड्या संभाव्यतेने चुकीची पडत राहिली तर कोणतीही एक मर्यादित आकृती, ती कितीही कणखर असो, केव्हा तरी नष्ट होणारच. ईटरची चतुराई तिथे चालत नाही, कारण ती एका विशिष्ट धक्क्यासाठी आहे. तरीही अशा गोंधळात काहीच टिकत नाही, असे मात्र नाही. रशियन गणिती आंद्रेई तूम यांनी अभ्यासलेल्या नियमात प्रत्येक घर स्वतःकडे, उत्तरेच्या आणि पूर्वेच्या शेजाऱ्याकडे पाहून तिघांतले बहुमत स्वीकारते. सर्वत्र पांढऱ्या जाळीत काळ्या घरांचे कितीही मोठे बेट उमटले तरी त्याच्या ईशान्य टोकाच्या घराचे दोन्ही शेजारी पांढरे असल्याने ते टोक झडते, मग पुढचे, आणि बेट आपल्या आकारमानाच्या प्रमाणात लागणाऱ्या वेळात पुसले जाते. सर्वत्र काळ्या जाळीत पांढऱ्या बेटाचेही तेच होते. चुकांची संभाव्यता पुरेशी कमी असेल, तर त्या एका रंगाकडे झुकलेल्या असल्या तरी अमर्याद जाळी आपला मूळ बहुसंख्य रंग सोडत नाही, हे तूम यांनी १९८०मध्ये सिद्ध केले. इथे राखला जातो तो कोणताही आकार नव्हे, कोणतेही ठरावीक घर नव्हे. राखला जातो तो संपूर्ण जाळीचा कल, आणि तोही उत्तर व पूर्व या दोनच दिशांना पाहणाऱ्या एका असममित नियमामुळे. सततच्या गोंधळात टिकण्याच्या कसोटीवर ‘लाइफ’मधील एकही अचल आकृती उतरत नाही, आणि तूम यांच्या नियमात त्या कसोटीवर जे उतरते त्याला आकृती म्हणताच येत नाही.